पित्ताचा खडा आतड्यात अडकला: आधी खडा काढा, पित्ताशयाचं नंतर बघू

खाडीकाठ

पित्ताशयाच्या धाग्यावर हा विषय मध्येच निघाला आणि तीन प्रतिसादांत वाहून गेला, म्हणून वेगळा धागा काढतोय. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या छोट्या हॉस्पिटलांत काम करणारे सर्जन, भूलतज्ज्ञ, सोनोग्राफीवाले आणि ओटीतल्या सिस्टर, सगळ्यांनी भर घालावी.

पित्ताचा खडा अडकून आतडं बंद होणं म्हणजे 'गॉलस्टोन इलियस'. हे नावच फसवं. इलियस म्हणजे आतडं संपावर जाणं. इथे आतडं संपावर नसतं, उलट जिवाच्या आकांतानं ढकलत असतं आणि पुढे बूच बसलेलं असतं. मोठा खडा पित्ताशयात वर्षानुवर्षं पडून राहतो, दाह होऊन पित्ताशय शेजारच्या ड्युओडेनमला (लहान आतड्याच्या पहिल्या भागाला) चिकटतं, खड्याच्या दाबानं मधली भिंत कुजते आणि भोक पडतं. त्या वाटेनं खडा आतड्यात उतरतो. दोन सेंटिमीटरच्या आतला असेल तर बहुधा शौचावाटे निघून जातो, कुणाला कळतही नाही. दोन-अडीचच्या वरचा असला की अडकण्याची भीती, आणि अडकतो तो बहुतेक वेळा इलियमच्या (लहान आतड्याच्या शेवटच्या तुकड्याच्या) शेवटच्या भागात, मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेल्या इलिओसीकल व्हॉल्व्हच्या अलीकडे. तिथे आतडं अरुंद आणि त्याची ढकलही कमी.

रुग्ण कोण? साठी-सत्तरीच्या पुढची बाई, जोडीला मधुमेह नि रक्तदाब. लहान आतड्याच्या एकूण अडथळ्यांत हे कारण १ ते ४ टक्केच. पण पासष्टीच्या पुढे, आतड्याचा रक्तपुरवठा शाबूत असलेल्या अडथळ्यांत ते बरंच वर सरकतं. पोटावर जुन्या ऑपरेशनचा व्रण नाही, हर्निया नाही आणि म्हातारीचं पोट फुगलंय, तर हे नाव यादीत वर हवं.

माझं मत आधीच सांगून टाकतो, मग भांडू: पहिल्या ऑपरेशनात फक्त खडा काढायचा. पित्ताशयाला हात लावायचा नाही.

रातांबा

उशीर का होतो ते आमच्या बाजूनं सांगतो. खडा एका जागी अडकतो, सुटतो, पुढे सरकून परत अडकतो. त्यामुळे कळ येते, ओकाऱ्या होतात, मग चार-सहा तास बरं वाटतं, आजी पेज पिते आणि म्हणते, "काय नाय ओ, गॅस झालोहा." परत सुरू. यात चार-पाच दिवस सहज जातात. कावीळ बहुतेकांना नसते, लिव्हरचे रिपोर्टही बऱ्याचदा नॉर्मल येतात, त्यामुळे पित्ताशयाकडे कुणाचं लक्षच जात नाही.

एक साधी गोष्ट करा. घरच्यांना जुन्या सोनोग्राफीची फाईल आणायला सांगा. जुन्या रिपोर्टात 'पित्ताशयात ३० मिलिमीटरचा एक खडा' असं लिहिलंय आणि आजच्या सोनोग्राफीत पित्ताशय आक्रसलेलं, खडा गायब. तो गेला कुठे? या एका प्रश्नावर निदान उभं राहतं. फाईल बहुतेक गोदरेजच्या कपाटात लग्नाच्या अल्बमखाली असते, पण असते.

काळी_पांढरी

रातांबा, +१. फाईलीचा मुद्दा सोन्यासारखा.

आता चित्रांबद्दल. रिग्लरनं १९४१ साली तीन खुणा सांगितल्या: फुगलेलं लहान आतडं, पित्तनलिकांत हवा, आणि नको त्या जागी दिसणारा खडा. साध्या एक्स-रेवर तिन्ही एकत्र निम्म्या रुग्णांतही दिसत नाहीत, कारण बहुतेक खड्यांत कॅल्शियम पुरेसं नसतं. म्हणून एक्स-रेवर खडा नाही म्हणजे खडा नाही, असं कुणी धरून चालू नये. आधीच्या एक्स-रेत एका जागी दिसलेला खडा दुसऱ्यात सरकलेला दिसला तर मात्र ती खूण पक्की.

सीटीनं प्रश्न सुटतो. क्रिएटिनिन चढलेलं (म्हणजे किडनी थकलेली) असेल तर शिरेतून कॉन्ट्रास्ट (चित्र उठावदार करणारं औषध) न देताही चालतं; हवा, खडा आणि आतडं कुठे फुगीर नि कुठे चपटं, हे सगळं साध्या सीटीतही कळतं. शिरेतून दिलं तर आतड्याच्या भिंतीचा रक्तपुरवठा कळतो, एवढा फायदा. तोंडातून पांढरं औषध मात्र पाजू नका. एक तर ओकून फुफ्फुसात जाईल, दुसरं म्हणजे खडा त्यात झाकला जाईल.

सर्जन लोकांनी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. खड्याचा आतला किंवा कडेचा कॅल्शियमचा भागच उठून दिसतो, बाहेरचा कोलेस्टेरॉलचा थर आतड्यातल्या पाण्यात मिसळून जातो. म्हणून सीटीवरचा अडीच सेंटिमीटर हातात साडेतीन निघू शकतो. दुसरी, लिव्हरमधली हवा मध्यभागी, फाटे फुटल्यासारखी असेल तर ती पित्तनलिकेतली; कडेपर्यंत पसरलेली असेल तर पोर्टल शिरेतली, आणि ते प्रकरण वेगळं व गंभीर. ईआरसीपीत (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेवर केलेल्या इलाजात) नलिकेच्या तोंडाचा स्फिंक्टर कापलेल्या रुग्णातही नलिकांत हवा असतेच, तेव्हा ते विचारून घ्या. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: एक खडा सापडला म्हणून चित्र मिटू नका. आतड्यात दुसरा आहे का, पित्ताशयात किती उरलेत, हे रिपोर्टात लिहून मागा.

सुरमई_फ्राय

ऑपरेशन किती तासांत? रात्री दोनला आलेला रुग्ण रात्रीच घ्यायचा का?

गुंगीवाली

रात्री दोनला आलेला रुग्ण सकाळी सहा-सातला घ्या, पण मधले तास झोपू नका. आतड्याला पीळ पडलेला नाही, त्यामुळे बहुतेकांत चार-सहा तास मिळतात. पोट दगडासारखं कडक, ताप, नाडी १२० च्या वर आणि रक्तातलं लॅक्टेट (रक्तपुरवठा कमी पडल्याची खूण) चढतंय, असं असेल तर थांबायचं नाही. सलाईन देत देतच टेबलावर घ्यायचं.

या रुग्णांचा घात शस्त्रक्रियेपेक्षा कोरडेपणा करतो. चार दिवस ओकून पाणी, क्लोराइड, पोटॅशियम सगळं गेलेलं असतं. १६ किंवा १८ नंबरची राइल्स ट्यूब (नाकातून जठरात जाणारी नळी), लघवीची नळी, सलाईनसाठी दोन जाड व्हेनफ्लॉन. वयस्कर हृदयाला एकदम दोन लिटर ओतू नका; २५० ते ५०० मिलि एका वेळी, मग नाडी, प्रेशर, फुफ्फुसांचे तळ बघा, मग पुढचं. लघवी ताशी किलोमागे अर्धा मिलि आली की गाडी रुळावर. लघवी सुरू झाल्यावरच पोटॅशियम, आणि हाताच्या शिरेतून ताशी १० मिलिइक्विव्हॅलंटच्या वर नको. राइल्स ट्यूबमधून जितकं बाहेर येतंय तितकं नॉर्मल सलाईननं भरून काढा.

भूल देताना पोट भरलेलंच आहे असं धरायचं. ट्यूब टाकलीय म्हणजे पोट रिकामं, हा गैरसमज जीव घेतो. सक्सिनिलकोलीन किंवा रोक्युरोनियम (स्नायू सैल करणारी औषधं) देण्याआधी ट्यूब स्वतः सिरिंजनं ओढून बघा, टेबलाचं डोकं २०-३० अंश वर, सक्शन चालू करून उशीखाली. रॅपिड सिक्वेन्स (झटपट भूल आणि लगेच श्वासनळीत नळी), रोक्युरोनियम असेल तर किलोमागे १.२ मिलिग्रॅम. प्रोपोफॉलचा नेहमीचा डोस अशा सुकलेल्या आजींना दिला तर प्रेशर खाली आदळतं. निम्म्यानं सुरुवात करा किंवा एटोमिडेट घ्या. नायट्रस (भुलीचा वायू) नको, फुगलेलं आतडं आणखी फुगतं आणि सर्जनला पोट शिवता येत नाही. मग ते आमच्यावर ओरडतात.

खाडीकाठ

ओरडत नाही हो ताई, विनंती करतो.

आता मुख्य काम. चिरा देण्याच्या तासभर आत सेफ्ट्रिॲक्सोन आणि मेट्रोनिडाझोल. मधला उभा चिरा, बेंबीच्या आजूबाजूला आठ-दहा सेंटिमीटर. लागला तर वर वाढवता येतो.

आत गेल्यावर फुगलेल्या आतड्यांत हात घालून शोधत बसू नका. सीकम (मोठ्या आतड्याची सुरुवात) शोधा आणि तिथून चपटं आतडं धरून मागे मागे या. चपटं संपून फुगीर सुरू होतं तिथे तुमचा खडा. बोटांना तो लगेच कळतो: गुळगुळीत, टणक, सुपारीपेक्षा मोठा आणि आतड्यानं घट्ट आवळलेला.

दोन मोह टाळायचे. पहिला, त्याला पुढे व्हॉल्व्हमधून मोठ्या आतड्यात ढकलण्याचा. तीच तर सगळ्यात अरुंद जागा. ढकलताना सिरोसा (आतड्याचं बाहेरचं आवरण) फाटते. दुसरा, बोटांत चिरडण्याचा. खड्याआधी आतड्याची भिंत चिरडते, आणि फुटला तरी तुकडे पुढे जाऊन पुन्हा अडकतात.

त्याला उलटा, वरच्या बाजूला, पाच-दहा सेंटिमीटर सरकवायचा. अंगठा आणि तर्जनीनं, सडातून दूध काढावं तसं हळू. कारण खडा जिथे अडकलाय तिथली भिंत सुजलेली, आतून व्रण पडलेली असते; तिथे टाके धरत नाहीत. वरचं आतडं फुगलेलं असलं तरी निरोगी असतं. सरकतच नसेल तर जोर लावू नका. खड्याच्या लगेच वरच्या निरोगी भागावर चिरा देऊन तिथून तो मागे ओढून घ्या.

खडा असलेलं आतड्याचं ते वेटोळं बाहेर आणा, चारी बाजूंनी ओले मॉप लावा. चिऱ्याच्या वरच्या बाजूला नाजूक इंटेस्टायनल क्लॅम्प, नाही तर असिस्टंटची बोटं. बोटं जास्त चांगली. मेसेंटरीच्या (आतड्याला रक्तवाहिन्या आणणाऱ्या पडद्याच्या) विरुद्ध कडेला, आतड्याच्या लांबीच्या दिशेनं चिरा. खड्याच्या व्यासापेक्षा किंचित मोठा द्या. तीन सेंटिमीटरच्या खड्याला अडीचचा चिरा देऊन ओढला की कोपरा फाटतो, आणि तो फाटलेला कोपरा तिसऱ्या-चौथ्या दिवशी गळतो. बॅबकॉकच्या चिमट्यानं खडा धरू नका. मागून दोन बोटांनी ढकला, तो स्वतःहून डोकं काढतो.

खडा निघाला की त्याच भोकातून सक्शननं वरचं आतडं रिकामं करून घ्या. लिटर-दीड लिटर सहज निघतं. पोट बंद करणं सोपं जातं, भूलतज्ज्ञांची विनंतीही मान्य होते.

चिरा उभा, पण टाके आडवे. उभेच घातले तर जागा अरुंद होते. ३-० व्हिक्रिल, सुटे टाके, कडेपासून ३-४ मिलिमीटर, दोन टाक्यांत तेवढंच अंतर. एका थरात चालतं, दुसरा थर घालणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. शेवटी अंगठा नि तर्जनीत धरून आतून वाट मोकळी आहे ना ते बघा, आणि पाणी त्या भागात ढकलून गळत नाही ना याची खात्री करा.

मग अडकलेल्या जागेकडे परत या. गरम मॉप पाच-दहा मिनिटं ठेवा. गुलाबी झालं, हलायला लागलं तर सोडून द्या. काळा डाग राहिला किंवा भोक असेल तर तेवढा तुकडा काढून उरलेली टोकं जोडा.

आणि आता लोक विसरतात ते. डीजे फ्लेक्शरपासून (ड्युओडेनम संपतं तिथपासून) सीकमपर्यंत सगळं आतडं बोटांतून काढा. दोनदा. मग जठर आणि ड्युओडेनम चाचपा. निघालेल्या खड्याला चपटे पैलू असतील तर तो एकटा नव्हताच. पैलू शेजाऱ्याशी घासूनच पडतात. गोल गुळगुळीत असला तरी चाचपायचंच.

मॉप_मोजणारी

ट्रॉलीच्या बाजूनं. आतडं उघडायच्या आधी मॉपची एक मोजणी, आतडं बंद झाल्यावर दुसरी, पोट बंद करताना तिसरी. आतड्यांच्या घाणीत भिजलेला मॉप आतड्यासारखाच दिसतो. चिऱ्याला वापरलेली हत्यारं वेगळ्या किडनी ट्रेमध्ये; टाके झाले की ती परत ट्रॉलीवर येत नाहीत. सर्वांचे ग्लोव्हज बदलायचे, सक्शनचं टोक बदलायचं. धुवायला दोन-तीन लिटर कोमट नॉर्मल सलाईन आधीच गरम करून ठेवा. पावसाळ्यात एसी ओटीत थंड सलाईन ओतलं की आजींचं अंग टेबलावरच गार पडतं. खडा बाहेर आला की तो कुणाच्या तरी हातात मोबाईलच्या फोटोसाठी फिरायला लागतो. आधी डबीत, मग फोटो.

तिसरा_टाका

खाडीकाठ, वर्णन उत्तम, पण 'पित्ताशयाला हात लावायचा नाही' हे सरसकट मान्य नाही. भोक तसंच राहतं, पित्ताशयात उरलेले खडे परत उतरतात, पित्तनलिकेला जंतुसंसर्ग होतो. शिवाय अशा जुन्या फिस्च्युलाच्या (आतड्यात उघडणाऱ्या भोकाच्या) पित्ताशयात कॅन्सर नेहमीच्या पित्ताशयांपेक्षा जास्त सापडतो. पन्नाशीतला तब्येतीचा रुग्ण, प्रेशर स्थिर, हाताला पित्ताशयात दुसरा मोठा खडा लागतोय, तर त्याच वेळी पित्ताशय काढून ड्युओडेनम शिवावं. दोनदा भूल कशाला?

खाडीकाठ

तुम्ही वर्णन केलेला रुग्ण मिळाला तर मी विरोध करणार नाही. पण तो किती वेळा मिळतो?

रिझनर आणि कोहेन यांनी १९९४ साली १००१ रुग्णांचा आढावा घेतला. फक्त खडा काढलेल्यांत मृत्यू ११.७ टक्के, सगळं एकाच वेळी केलेल्यांत १६.९. आणि हे लक्षात घ्या की एकाच वेळी सगळं करायला सर्जन धट्टेकट्टे रुग्णच निवडतात. तरी आकडा वर. परत खडा अडकण्याचं प्रमाण साधारण ५ टक्के. त्या पाचांसाठी उरलेल्या पंचाण्णवांच्या सुजलेल्या ड्युओडेनमवर टाके घालायचे का?

तिसरा_टाका

१९९४ चा आढावा त्याच्याही मागच्या काळातल्या रुग्णांचा आहे. तेव्हाचं आयसीयू आणि आजचं यात फरक आहे.

खाडीकाठ

मुंबईतलं आजचं आयसीयू आणि आपल्या तालुक्यातलं आजचं आयसीयू यातही आहे.

तिसरा_टाका

हा मुद्दा घेतला. 😄 मग निदान एवढं लिहा की करायचंच असेल तर कसं. पित्ताशयाची मान शोधत कॅलोज ट्रँगलमध्ये (पित्ताशयाच्या नळीजवळच्या भागात) शिरू नका, तिथे काहीच ओळखू येत नाही आणि पित्तनलिका कापली जाते. पित्ताशय तळाकडून उघडा, खडे काढा, भोक आतून बघा, ड्युओडेनमची कड निरोगी होईपर्यंत छाटा, आडवं शिवा, वर ओमेंटम (पोटातला चरबीचा पडदा) बसवा, शेजारी ड्रेन. मागची भिंत जागेवर सोडून पित्ताशय अर्धवट काढलं तरी चालतं. भोक मोठं असेल तर ओढून शिवू नका, जेजुनम (लहान आतड्याचा मधला भाग) आणून जोडावं लागतं. आणि ते येत नसेल तर मुळात सुरूच करू नये.

सुरमई_फ्राय

खडा दीडच सेंटिमीटरचा आणि तरी अडकला, असं झालं तर?

खाडीकाठ

फार चांगला प्रश्न. मग खड्यावर संशय घ्यायचा नाही, आतड्यावर घ्यायचा. आपल्याकडे पहिलं नाव टीबीचं. पुढे आकुंचन आहे का बघा, मेसेंटरीत गाठी, आतड्यावर ज्वारीच्या कण्यांसारखे पांढरे दाणे. एक गाठ काढा आणि तिचे दोन भाग करा: एक फॉर्मॅलिनमध्ये बायॉप्सीला, दुसरा साध्या सलाईनमध्ये सीबीनॅट (टीबीच्या जंतूंची जनुकीय चाचणी) आणि कल्चरला. सगळं फॉर्मॅलिनमध्ये बुडवलं की कल्चर गेलं. आकुंचन तसंच ठेवून नुसता खडा काढला तर वरचे टाके दाबानं सुटतात, तेव्हा तेही त्याच वेळी मोकळं करायला हवं.

अवांतर: मे महिन्यात दात नसलेल्या आजोबांनी गिळलेला आंब्याचा बाठाही नेमका याच जागी अडकतो. हाताला लागला टणक म्हणून पित्ताचा खडा असं लिहून मोकळे होऊ नका.

काळी_पांढरी

बूव्हरेचा प्रकार राहिला. खडा खाली न जाता ड्युओडेनममध्येच बसतो आणि जठराचं तोंड बंद होतं. ओकारीत पित्त नसतं, पोट फारसं फुगत नाही, त्यामुळे अडथळा वाटतच नाही.

तिसरा_टाका

तिथे आधी एंडोस्कोपी. जाळीनं किंवा लिथोट्रिप्सीनं फोडून. पण मोठा खडा दुर्बिणीतून क्वचितच पूर्ण निघतो, आणि फुटलेला तुकडा खाली जाऊन इलियममध्ये बसला तर परत पहिल्या पानावर. नाहीच जमलं तर ड्युओडेनम न उघडता खडा मागे जठरात ढकलून जठरातून काढावा. जठराची भिंत जाड, टाके धरते.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेबद्दल: फुगलेल्या पोटात पहिला पोर्ट उघड्या पद्धतीनंच. खडा असलेलं आतड्याचं वेटोळं शोधायचं, बेंबीचा पोर्ट चार-पाच सेंटिमीटर वाढवून ते बाहेर काढायचं, बाकी काम वर लिहिलंय तसंच. आतल्या आत टाके घालायची हौस इथे नको.

रातांबा

रेफर कुणाला आणि कसं, यावर कुणी लिहिलं नाही. सीटी नाही, भूलतज्ज्ञ नाही, रक्त मिळत नाही, तर पाठवावंच लागतं: डेरवण, रत्नागिरी, ओरोस, सावंतवाडीकडून गोव्यातलं बांबोळी, नाही तर घाट चढून कोल्हापूर. जुलैत दरड कोसळून आंबा नाही तर करूळ घाट बंद असतो, तेव्हा गाडी काढण्याआधी रस्ता विचारा. १०८ बोलवा, राइल्स ट्यूब टाका आणि ती *उघडी* ठेवा, खाली पिशवी लावा. घाटात बंद ट्यूब म्हणजे वळणावर ओकारी नि फुफ्फुसात पाणी. रुग्ण अर्धवट बसलेला, सलाईन चालू, किती गेलं नि किती आलं ते कागदावर. आणि जुनी सोनोग्राफीची फाईल सोबत द्या.

गुंगीवाली

शस्त्रक्रियेनंतर: दुखणं नीट थांबवा म्हणजे खोकता येतं, दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसवा. रक्तस्राव नसेल आणि किडनी ठीक असेल तर एनॉक्सापॅरिन ४० मिलिग्रॅम रोज. ट्यूबमधलं पाणी कमी झालं, वारा सरला की ट्यूब बाहेर. आधी घोट घोट पाणी, मग पेजेचं वरचं पाणी, मग पेज. पाचव्या-सहाव्या दिवशी नाडी चढली, ताप आला, पोट परत फुगलं तर 'वयस्कर आहेत, व्हायचंच' म्हणू नका. टाका गळतोय का ते आधी बघा. चिऱ्यात पू होणं तर नेहमीचंच, म्हणून कातडीचे टाके सैल.

खाडीकाठ

दीड महिन्यानं सोनोग्राफी. पित्ताशयात खडे उरलेत किंवा त्रास होतोय, तर एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) करून दुसरी शस्त्रक्रिया ठरवा, आणि काढलेलं पित्ताशय तपासणीला पाठवायचं. खडे नाहीत, त्रास नाही, ऐंशीच्या घरात वय, तर सोडून द्या. खडा नसेल आणि पित्ताशयाची नळी मोकळी असेल तर भोक बऱ्याचदा आपोआप बुजतं.

मॉप_मोजणारी

डिस्चार्ज कार्डाचं राहिलं. पोटावर एवढा मोठा व्रण आणि घरचे सांगतात 'पित्ताचा खडा काढला'. पुढचा डॉक्टर समजतो पित्ताशय गेलं. म्हणून कार्डावर मराठीत, मोठ्या अक्षरांत: 'आतड्यातला खडा काढला आहे. पित्ताशय काढलेलं नाही. पोटात कळ, ओकारी किंवा थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी दाखवा.' त्याखाली खड्याचं माप आणि पैलू होते की नाही ते. आणि कार्ड त्याच सोनोग्राफीच्या फाईलीत लावून द्या, म्हणजे पुढच्या वेळी शोधायला एकच कपाट.